पारिसा मगदूम यांच्या पिकअपच्या स्टार्टरबाबत

दि. २०/०१/२०२४, सकाळी ११ वाजता.

मी तारामती पारिसा मगदूम, वय ४७, धंदा शेती, शिक्षण तिसरी, रा. कुरणमाळ, ता. निपाणी, जि. बेळगाव. मला कन्नड बोलायला येतं, वाचायला येत नाही, म्हणून जबाब मराठीत लिहून घ्या म्हटलं. आज ठाण्यात बोलावल्यावरून मी समक्ष हजर राहून सांगते की,

वरील पत्त्यावर मी, माझे मालक पारिसा भूपाल मगदूम, वय ५२, आणि धाकटा दीर वृषभ असे एकत्र राहत होतो. आमची दोन एकर कोबी आहे. माल निपाणीच्या बाजारात न्यायला सतरा-अठरा वर्षांची जुनी पिकअप आहे. ती मालकच चालवत. मला गाडी येत नाही.

गणपतीपासून गाडीचा स्टार्टर धरत नव्हता. चावी फिरवली की टक् वाजायचं आणि गप. दिवे लख्ख लागायचे, म्हणजे बॅटरीचा दोष नव्हता. नाक्यावरचा मिस्त्री महादेव यानं अर्थिंगची वायर घासून बसवली, स्टार्टरच्या मोटारीचे कार्बन बदलले. चार दिवस बरी चालली आणि परत टक्. शेवटी तो म्हणाला, मोटारीच्या डोक्यावरचा डबा आतनं जळलाय. "वैनी, तीन दिस गाडी सोडा माझ्याकडं. मोटार उतरवून नीट करून देतो." मी म्हणाले, "तीन दिस गाडी सोडते आणि कोबी काय तुझ्या डोक्यावरनं नेऊ? फुटायला लागलाय शेतात." गाडी मी सोडू दिली नाही. हे लिहा.

महादेवनंच पंधरा दिवसांपूर्वी गाडीची क्लच प्लेट बदलली होती. साहेबांनी विचारलं म्हणून सांगितलं.

गाडी चालू करायची आमची पद्धत अशी. हँडब्रेक लागत नाही, म्हणून मालक गाडी पहिल्या गिअरात टाकून ठेवत आणि पुढच्या चाकाला दगड लावत. चालू करताना ते डाव्या बाजूनं गाडीखाली आडवे होत. डब्यावर दोन बोल्ट आहेत, त्यांना एकदम स्क्रू ड्रायव्हर लावला की ठिणगी पडते आणि मोटार फिरते. त्याआधी मी दगड काढायचा, सीटवर बसून चावी फिरवून ठेवायची आणि डाव्या पायानं क्लच, उजव्या पायानं ब्रेक दाबायचा. गिअर मला काढता येत नाही. तेवढं दोन पायांचंच मला शिकवलं होतं. क्लच दाबलेला नसला तर गाडी चालू होताना तशीच पुढं जाते, हे त्यांनी मला पहिल्या दिवशीच सांगितलं होतं. खालनं विचारायचे, "बसलीस काय गं?" मी व्हय म्हटल्याशिवाय ते स्क्रू ड्रायव्हर लावत नसत. चार महिने रोज असंच चाललं. ते हसायचे, "गाडी तुझ्यागत झालीया. हाक मारून उठत न्हाय, टोचलं की पळतीया." मी म्हणायचे, "टोचायचं सोडून हाक नीट मारायला शिका."

पहिल्यांदा कधी धरायचं नाही. बोल्ट काळे पडलेले असायचे. पाच-सहा वेळा लावावं लागायचं, मधे पॉलिश पेपरनं घासायचे.

दि. १६ रोजी संध्याकाळी महादेव घरी येऊन ते बोल्ट कानशीनं घासून गेला. जाताना म्हणाला, "अण्णा, ह्यो खेळ बंद करा. निदान न्यूट्रलला ठेवून तरी लावा." मालक म्हणाले, "न्यूट्रलला ठेवली तर उतारावरनं थेट चिकोडीला जाईल." दोघं हसले. चहा पिऊन तो गेला.

दि. १७ रोजी सकाळी सात चाळीसला गाडी शेतातल्या वाटेवर उभी होती. तोंड उताराकडं. मागं कोबीची तीस पोती. उशीर झाला म्हणून मी कटकट करत होते. मी दगड काढला. मालक खाली गेले. विचारलं, "बसलीस काय गं?" मी व्हय म्हणाले. मी सीटवर बसून क्लच दाबून होते. त्यांनी स्क्रू ड्रायव्हर लावला. गाडी पहिल्या झटक्यात चालू झाली आणि पुढं गेली. मागचं चाक मालकांच्या कमरेवरनं गेलं. दहा-बारा पावलांवर गाडी उभी राहिली.

मी ओरडले. पलीकडच्या शेतात काम करणारा स्वरूप पळत आला. तो येईपर्यंत दहा मिनिटं गेली असतील. तेवढा वेळ मी सीटवर दोन्ही पाय दाबून बसून होते. खाली उतरता येत नव्हतं, पाय काढला की गाडी पुढं जाणार. मालक मागं वाटेवर पडलेले आरशात दिसत होते. ते म्हणाले, "बंद कर गं, डिझेल जळतंय." मी म्हणाले, "बंद केली तर परत चालू कोण करणार? तुम्हाला न्यायला हीच गाडी हाय." त्यानंतर ते बोलले नाहीत.

स्वरूप सीटवर बसल्यावर मी उतरले. आम्ही चार पोती खाली टाकून मालकांना कोबीवर निजवलं. स्वरूपनं गाडी चालवली, मी मागं बसले. निपाणीच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, वाटेतच गेले. गाडी बाहेर चालूच होती. ती नंतर कुणी बंद केली मला माहीत नाही.

माझ्या दिराचं म्हणणं आहे की क्लच दाबलेला असून गाडी गेली, म्हणजे महादेवनं प्लेट चुकीची बसवली. महादेववर त्यानं तक्रार दिली आहे. स्वरूपनंही मला क्लच दाबून बसलेली बघितल्याचं सांगितलं आहे. आज सकाळी घरातनं निघताना वृषभ म्हणाला, "वैनी, तुम्ही फक्त क्लच दाबला होता म्हणा. पुढचं मी बघतो."

येथवरचा जबाब मला मोठ्यानं वाचून दाखवला. बरोबर आहे काय, विचारलं. मी नाही म्हणाले.

"मी सीटवर बसून क्लच दाबून होते" ही ओळ खोडा. मी सीटवर नव्हते. चावी आधीच फिरवून ठेवली होती. मागं दोरी ढिली पडून दोन पोती सरकली होती, ती मी आवळत होते. बसून परत कोण उतरणार, दोरी आवळून मग बसू म्हटलं. त्यांना पाच-सहा वेळा लावावं लागणारच, हे धरून चालले. बोल्ट घासलेत हे डोक्यात आलं नाही. त्यांनी विचारलं तेव्हा मी गाडीच्या मागनंच व्हय म्हणाले.

गाडी हलल्यावर मी पळत जाऊन चढले आणि दोन्ही पाय दाबले. गाडी जागेवर थांबली, इंजिन चालूच राहिलं. प्लेटला काही झालेलं नाही. स्वरूपनं बघितलं ते खरं आहे, पण ते नंतरचं.

महादेव सकाळी नऊपासून बाहेर बाकावर बसला आहे. मी आत येताना तो उठून उभा राहिला. त्याची काही चूक नाही. वृषभ दाराशीच आहे, त्यानं ऐकलं आहे.

साहेबांनी विचारलं, असं सांगितल्यानं काय होईल ते माहीत आहे काय. माहीत आहे.

ओळ खोडली तिथं माझी सही घेतली. सगळा जबाब पहिल्यापासून पुन्हा वाचून दाखवला. बरोबर आहे काय, विचारलं. व्हय. हे व्हय खरं आहे.

सही
तारामती पारिसा मगदूम

समक्ष लिहून घेतला,
ठाणे अंमलदार