खातं कोणाचं

वणीच्या बसस्थानकावर निशिगंधा चंद्रपूरच्या गाडीची वाट पाहत बसली होती. मागच्या बाकावर एक नवराबायको मोबाइलवर वाकले होते आणि त्यांचं बोलणं तिला आपसूक ऐकू येत होतं. नवरा बायकोला समजावत होता.

"पुण्याची बिल्डिंग हाय. तिचे बारीक हिस्से करून विकून राह्यले. हिस्सा घेतला का तेवढं भाडं आपलं."

"सातबारा भेटते?"

"टोकन भेटते. मोबाइलमधीच राह्यते."

"पैसे कसे भरा लागते?"

"क्रेडिट कार्डानं भरलं त वरून चार्ज घेते. क्रिप्टो आपल्याले समजत नाही. बँकेतूनच बरं. तुह्या खात्यातून भरू."

"माह्या कायले?"

"शिलाईचे पैसे हायेत ना तुह्यापाशी. माह्यं खातं ट्रकच्या हप्त्यानं रिकामं झालं."

"भरा मंग."

"नाव माह्यं टाकलं, त ॲप घेऊन नाही राह्यलं. टोकन ज्याच्या नावानं, पैसे बी त्याच्याच खात्यातून पाह्यजे म्हणते. असं कर, तू आधी मले पाठव. मंग मी भरतो."

"कायले फिरवता? खातं माह्यं हाय, त नाव बी माह्यंच टाका."

निशिगंधानं वळून पाहिलं नाही.

"तुले हे ॲप समजन का?"

"शिलाई मशीन तुमीच शिकवली होती का मले?"

"बरं, टाकलं तुह्यं नाव. आता वारस कोण, ते विचारून राह्यलं."

"तुमीच. दुसरं कोण हाय?"