मागचा कागद

डोळ्यांत औषधाचे थेंब घातल्यामुळे पापण्या मिटून बसलेल्या त्या तरुणापर्यंत शेजारच्या बाकावरचे केवळ आवाज पोहोचत होते. एक दमलेल्या आईचा, दुसरा तिच्या आठ-नऊ वर्षांच्या लेकीचा.

“तिरळेपणाचं ऑपरेशन होऊन सहा महिने झाले, म्हणून या कागदावर तेच प्रश्न पुन्हा विचारतायत. सरळ बस. मुलं चिडवतात का?”

“आता नाही.”

“देव पावला! ‘कधीच नाही’वर खूण. फोटो काढून घ्यायला लाज वाटते का?”

“थोडी.”

“अगं, आता कसली लाज? डोळे कसे छान सरळ झालेत.”

“कुणी बघितलं की मान आपोआप खाली जाते.”

“वेडाबाई. बरं, ‘कधी कधी’ लिहिते.”

“खाली कुठला कागद जोडलाय?”

“ऑपरेशनआधीचा. किती फरक पडला, ते ताडून बघतात.”

“त्यात तर सगळीकडे ‘कधीच नाही’ आहे.”

“असू दे.”

“मी तुला रोज सांगायचे, आई. रडायचेसुद्धा.”

“सांगायचीस गं बाई. पण सिस्टर समोर उभ्या. माझ्या पोरीला सगळे हसतात, हे कुठल्या तोंडाने लिहिणार होते मी?”

“म्हणजे कागदावर मी आधीच बरी होते, आणि आता बिघडले.”

खालचा जुना कागद वर घेतल्याची सळसळ झाली.

“आई, रबर देऊ?”

“पेनाने लिहिलंय, राणी.”

“मग काट मार.”

“सगळ्यावर?”

“हो. आता मी सांगते, तू लिही.”