बॉनेटवरचे बोटांचे ठसे

आधीच सांगते, हे मी पाहिलेलं नाही. माझा जन्मही झाला नव्हता. बाबांनी दसऱ्याला बागेतला छोटा ट्रॅक्टर रंगवला आणि रंग वाळायच्या आत कोणीतरी हळदीकुंकू लावलं. बॉनेटवर बोटांचे ठसे कायमचे उमटले.

बाबा गेल्यावर रेणापूरच्या घरामागच्या शेडमध्ये भावाने तो ट्रॅक्टर सुरू केला आणि नवा रंग द्यायचा म्हणून बॉनेट घासायला पॉलिश पेपर उचलला.

"ऱ्हाऊ दे. माझी बोटं हायत ती," आई म्हणाली. "तुझे बाबा नुसते हसले होते."

"न्हाई वहिनी, माझी हायत," आत्या म्हणाली. "माझ्याशी दिवसभर बोलला नव्हता त्यो."

मी दोघींना ठशांवर बोटं ठेवायला लावली. दोघींचीही नेमकी बसली. बाकीचा ट्रॅक्टर रंगवून झाला आहे. बॉनेटसाठी परवानगी कोणाची घ्यायची, हे अजून ठरलेलं नाही.