नमुना क्रमांक चौदा

— नाही नाही, बायकोचे रिपोर्ट नकोत मला, ते परत पिशवीत घाला. केवढी ती फाइल! दोन वर्षांत एवढी? आणि तुमचा कागद कुठंय? एकही नाही? अच्छा. बसा. अहो बसा — फॉर्मवर वाचलं, राजरत्न, मूळ गाव वर्धा, म्हणून मराठीत बोलतोय, नाहीतर दिवसभर ह्या खिडकीत ‘भैया, डिब्बी लीजिए, अंदर जाइए’ एवढंच माझं वाङ्मय. इथं उत्तरेत, इंदिरा नगरात मराठी कान सापडला की मी सोडत नाही. क्लिनिकमधली पोरं मला डॉक्टरसाहेब म्हणतात, तुम्ही म्हणू नका. मी सुई टोचणारा डॉक्टर नाही, पीएचडीवाला. एकतीस वर्षं सरकारी प्रयोगशाळेत एकाच गोष्टीवर घालवली — शुक्राणूच्या डोक्यावरचं एन्झाइम. हसा, हसा! माझे सासरेही हसायचे. शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगायचे, जावई औषधखात्यात आहे म्हणून.

म्हणजे कसं, बाईचं बीज काही उघड्यावर बसलेलं नसतं. त्याच्याभोवती शेकडो पेशींचा गराडा, आणि त्या पेशी चिकट रसात रुतलेल्या — गुलाबजामचा पाक घट्ट झालाय समजा. शुक्राणूला त्यातून वाट काढायची. नुसती शेपटी मारून किती जाणार? तर त्याच्या डोक्याच्या पृष्ठभागावर हे एन्झाइम असतं, ते पाक विरघळवत नेतं. पुढे बीजाचं कवच, तिथली तऱ्हा वेगळी. मी म्हणायचो — छापून म्हणायचो — की माझ्या एन्झाइमवाचून सगळं अडतं. मग परदेशात कुणीतरी ते एन्झाइमच नसलेले उंदीर तयार केले, आणि त्यांना पिल्लं झाली! जरा रखडत, पण झाली. माझी अर्धी हयात उंदरांनी कुरतडली, आता बोला.

तुमच्या आई म्हणतात, सुनेतच काहीतरी आहे? माझीही म्हणायची. पद्मिनीला, म्हणजे माझ्या बायकोला, सांगलीहून पत्रं यायची — अमका उपास कर, तमक्या वैद्याला दाखव. नऊ वर्षं! इंजेक्शनं काय, नळ्या काय, बिचारी दवाखान्यातून आली की भिंतीकडे तोंड करून झोपायची. आणि मी? मी कामात होतो ना! दिवसाला दहा पुरुष सूक्ष्मदर्शकाखाली घालत होतो. माझा नमुना कुणी मागितला नाही, मी दिला नाही — म्हणजे, दिला. एकदा. तुलनेला निरोगी नमुने कमी पडले, आणि आमच्याकडची रीत अशी की मग स्टाफमधूनच घ्यायचे, नाव नाही, नुसता आकडा. मी ऐटीत दिला, निरोगी म्हणून! चौदा नंबर. मोजायला बसलो तर मोजायलाच काही नाही हो, आणि जे चार होते त्यांच्या डोक्यावर एन्झाइमचा पत्ता नाही. दुसऱ्या कुणी हाय खाल्ली असती. मला आनंद झाला! खरं सांगतो, असा नमुना महिनोन्महिने शोधत होतो. निरोगी रकान्यातून खोडला, शेजारच्या सदोष रकान्यात टाकला, आणि आलेख काय देखणा आला! माझा सगळ्यांत गाजलेला पेपर तो.

घरी टाइप कोण करत होतं? पद्मिनीच, दुसरं कोण. चौदा नंबरपाशी खटखट थांबली. म्हणाली, ह्याच्या बायकोला कुणी सांगितलं का हो? मी म्हणालो, ते आमच्या कामात बसत नाही, पुढचं पान घे. सोमवारी तिचं ऑपरेशन होतं. संमतीपत्रावर सही माझी. सफरचंदंही नेली होती मी, किलोभर.

हे तुम्हाला कशाला सांगत बसलो कोण जाणे. तर, लाज वाटते डबी हातात धरायला? दहा मिनिटांचं काम आहे, उजवीकडची खोली, कडी नीट लागते. बाहेर बाकावर बसल्यात त्या तुमच्या मिसेस, स्नेहलताईच ना? पुढच्या आठवड्यात त्यांच्या पोटात दुर्बीण घालायचं ठरलंय, फाइलवर दिसलं मला. त्याआधी तुमचा एक कागद होऊ द्या, एवढंच म्हणणं आहे.

काय? सांगितलं का? — पद्मिनीला?

परवा अलीगंजला एका लग्नात होतो. कुणीतरी विचारलं, मुलं किती तुम्हाला? मी तोंड उघडायच्या आत तीच म्हणाली, दोष माझ्यात होता, पण ह्यांनी उभ्या जन्मात एका शब्दाने बोलून दाखवलं नाही. सगळे माझ्याकडे काय आदराने बघत होते, राजरत्न! मी पुरी खात होतो.

घ्या ती डबी. जा तुम्ही. — हाँ भैया, अगला कौन है?