चारशे अठरा पावलं

रहेमतबी : एक वाजून चाळीस मिनिटं झाली, हनुमान. सकाळी सातला मोंढ्यातनं फळांची हातगाडी काढली. बस स्टँड, तहसील, दवाखाना, परत बस स्टँड. आन ह्ये तुझ्या दुकानातलं घड्याळ म्हनतंय चारशे अठरा पावलं. बघ. चष्मा लावून बघ.

हनुमान : चाची, आधी सावलीत या. आन गाडी जरा बाजूला घ्या, मॅडमची स्कूटी अडकली.

रहेमतबी : गाडी तिथंच ऱ्हाईल. आकडा बघ.

हनुमान : चारशे अठरा. बरोबर हाय.

रहेमतबी : बराबर? मोंढ्याच्या फाटकातनं भाईर पडायलाच चारशे लागत्यात!

हनुमान : परवा सांगितलं ना तुमाला, नवीन मशीन हाय. हाताची सवय व्हायला एक-दोन दिवस जात्यात.

रहेमतबी : आज तिसरा दिस. परवा रात्रीपतोर सहाशे चाळीस, काल पाचशे सत्तर, आज ह्ये. सवय व्हाया लागली का मोडाया लागली?

वनमाला : हनुमान, यांचं आधी बघा. शनिवार आहे, शाळा सुटली, मला घाई नाही. तसंही काय घ्यावं तेच कळत नाहीये.

रहेमतबी : मॅडम, तुमी बी ह्येच घ्यायला आलात का?

वनमाला : हो. पहिल्यांदाच घेतेय. आमच्या शाळेत सगळ्यांच्या हातात आलं, मीच राहिले.

रहेमतबी : नका घेऊ. माझी गाडी चाललीय ह्याच्यापायी.

वनमाला : गाडी? कुठं?

रहेमतबी : कडा गावाला, इकायला. पाचला तिथला मानूस टेम्पो घिऊन येनार हाय. सत्तावीस वर्सं ढकलली मी ती. पोराचे अब्बा गेले तवापासनं.

वनमाला : नीट सांगा मावशी. घड्याळाचा आणि गाडीचा काय संबंध?

हनुमान : मी सांगतो मॅडम. शहेबाज यांचा मुलगा, माझ्याच वर्गातला...

रहेमतबी : तू गप. माझं मला सांगू दे. मॅडम, मागल्या महिन्यात माझी साखर निघाली. डॉक्टर म्हनला, चाची, रोज चालत जावा. शहेबाज म्हनला, अम्मी, तू दिसभर गाडीपाशी उभी ऱ्हातीस, ती गाडी वीक आन सकाळ-संध्याकाळ मैदानावर चाल. मी म्हनले, आरं, मी चालतेच की. त्यो म्हनला, चालतीस तर दाखव. आन ह्ये हातात बांधलं. तीन दिसांत एक दिस जरी सहा हजार दिसले तर गाडीचं नाव काढनार न्हाई. न्हाई दिसले तर गाडी जाईल.

वनमाला : आणि तुम्ही कबूल केलंत?

रहेमतबी : मीच हो म्हनले. म्हनलं सहा काय, बारा हजार दाखवते तुला. मला काय ठावं ह्ये असलं निघंल.

हनुमान : पन चाची, त्याचंबी चुकलं न्हाई. तुमच्या काळजीनंच बोलतोय.

रहेमतबी : काळजी हाय. मी कुठं न्हाई म्हनते? पन त्यानं नवीन शोरूम काढलंय, त्याच्या काचेतनं बस स्टँड दिसतं, आन बस स्टँडवर मी दिसते. त्ये बी हाय. डॉक्टर चाल म्हनला, हनुमान. गाडी वीक म्हनला न्हाई.

हनुमान : बरं, असं करू. हे बदलून देतो. हे बघा, याचा डिस्प्ले मोठा, उन्हात दिसतो, फोनबी घड्याळावरच उचलता येतो, बॅटरी सात दिवस...

रहेमतबी : पावलं मोजतंय का?

हनुमान : मोजतंय की.

रहेमतबी : ह्येच्यासारखीच?

हनुमान : सेन्सर तसा... तोच असतोय.

रहेमतबी : मंग मोठी काच कावून घिऊ? खोटं मोठ्या अक्षरात वाचायला?

वनमाला : हनुमान, एक विचारू? आमच्या शाळेतल्या सत्यशीलाबाई सांगतात, सकाळी भाकरी थापून होतात तोवर त्यांच्या घड्याळात पाचशे-सहाशे पावलं झालेली असतात. स्वयंपाकघराच्या बाहेर पाऊल नाही टाकलेलं. आम्हाला वाटायचं, बाई फुशारकी मारतात.

हनुमान : होतं तसं. हात हलला की थोडं धरतंच ते.

रहेमतबी : थांब. परत बोल. हात हलला की?

हनुमान : म्हणजे चालताना मानसाचा हात मागं-पुढं होतो ना, त्याच्यावरनं हिसाब लावतं ते.

रहेमतबी : आन ज्याचे दोन्ही हात गाडीच्या दांड्यावर हायेत, त्याचं?

हनुमान : थांबा, डब्यातलं माहितीपत्रक बघतो.

रहेमतबी : बोल की बे! मघापासनं तोंड चालू व्हतं.

हनुमान : तसं गिऱ्हाईक आलं नव्हतं चाची माझ्याकडं.

रहेमतबी : तीन दिस मला सवय-सवय सांगत व्हता! चल भाईर. मॅडम, तुमी बी चला. आमी सीताफळ दाबून बघितल्याबिगर गिऱ्हाइकाला देत न्हाई, ह्ये बी दाबून बघू. आत्ता किती हायेत?

वनमाला : चारशे अठराच.

रहेमतबी : मी मेडिकलपतोर गाडी ढकलते. तुमी संगं चला आन तोंडानं मोजा.

वनमाला : ... अठ्ठावन्न, एकोणसाठ, साठ. साठ पावलं झाली, मावशी. हात दाखवा. चारशे एकवीस.

रहेमतबी : साठातली तीन धरली. ती बी कावून धरली?

हनुमान : खड्डा लागला आसंल. गाडी हादरली.

रहेमतबी : आता गाडी तू धर, मी रिकाम्या हातानं दुकानापतोर येते. मॅडम, मोजा.

वनमाला : पुन्हा साठ. आता चारशे एकोणऐंशी. अठ्ठावन्न धरली!

रहेमतबी : आता मी हितंच उभी ऱ्हाते आन भाकरी थापते. ह्ये बघा. थाप, थाप, थाप. हसू नका मॅडम, लोक बघत्यात.

वनमाला : लोक तुमच्याकडे बघून हसताहेत, माझ्याकडे नाही. पाचशे नऊ. मावशी, तुम्ही उभ्या-उभ्या तीस पावलं चाललात.

रहेमतबी : बघितलं, हनुमान? भाकऱ्या केल्या तर चालले. गाडी ढकलली तर बसून ऱ्हाईले. कुनी केलं रं असलं? त्यानं कधी वझं ढकललं न्हाई वाटतं.

हनुमान : मग एकच सांगतो चाची, राग मानू नका. पाचला अजून तीन तास हायेत. दुपारचं गिऱ्हाईक नसतंय. माझ्या हातात बांधा. मी हितं बसून हात हलवतो. चारपर्यंत सहा हजार करून देतो, तुमी घरी जाऊन पडा.

रहेमतबी : तुझी पावलं दाखवू त्याला?

हनुमान : आकडा आकडा असतोय. त्याला कुठं कळतंय?

रहेमतबी : मला कळतंय की. माझ्या काट्यात कधी पासंग ठिवला न्हाई मी, आन पोटच्या पोरापुढं ठिवू? मी चालले त्येवढंच दाखव. एक बी जास्ती नको. पन एक बी कमी नको.

वनमाला : दुसरं काही नाहीच का तुमच्याकडे? हातावर न बांधायचं?

हनुमान : अंगठी आलीय नवीन, पन ती बी हातातच. हे एक घड्याळ आहे मॅडम, सॅटेलाइटवालं. आकाशातनं मोजतं.

रहेमतबी : आकाशातनं मी दिसते आन शोरूममधनं दिसत न्हाई का?

हनुमान : पन त्यात किलोमीटर येत्यात. पावलं परत हातावरनंच. आन मग हे एक जुनं, कमरेला अडकवायचं. दोन वर्षं ड्रॉवरमध्ये पडून आहे, कुनी विचारत नाही. हातात दिसत नाही ना ते.

वनमाला : ते मला दाखवा.

रहेमतबी : दोन वर्सं पडून हाय, सेल तरी हाय का त्याच्यात?

हनुमान : घालावा लागंल.

रहेमतबी : आन ह्ये हातातलं पायात बांधलं तर?

हनुमान : पायात?

रहेमतबी : चालतंय कोन? पाय. मंग मोजायचं कुठं?

हनुमान : पट्टा पुरणार न्हाई... थांबा, मोठ्या घड्याळाचा पट्टा याला बसतोय का बघू. बसला. शेवटच्या भोकाला येतोय. पन चाची, नाडीचे ठोके तिथं येनार न्हाईत.

रहेमतबी : ठोके चालू हायेत. ते मला ठावं हाय.

हनुमान : आन बस स्टँडवर पायात घड्याळ घालून फिरनार? लोक काय म्हणतील?

रहेमतबी : लोक माझ्या पायाकडं बघत न्हाईत, काट्याकडं बघत्यात. बांध. घोट्याच्या वर. आवळू नको, पाय सुजत्यात दुपारनंतर.

वनमाला : चला, मी पुन्हा मोजते. गाडी धरा, मावशी. मेडिकलच्या अर्ध्या वाटेपर्यंत आणि परत.

रहेमतबी : ह्या वक्ताला मनात मोजा. तुमच्या आवाजानं गिऱ्हाईक पळंल.

वनमाला : साठ! हनुमान, वाका, बघा किती.

हनुमान : पाचशे नऊ होते... पाचशे अडुसष्ट. एकच सुटलं.

रहेमतबी : एक सुटू दे. त्ये त्याला माफ. आता शहेबाजला फोन लाव. माझ्या फोनवरनं नको, मी बोलले की आधी दमलीस का, खाल्लं का, येवढंच इचारतो. तू बोल.

हनुमान : हॅलो, शहेबाज? हनुमान बोलतोय. अरे, चाची दुकानात हायेत... नाही, नाही, बऱ्या हायेत. ऐक, ते घड्याळ हातात गाडीवर मोजत नाही. हो, आत्ता तपासलं, साठातली तीन. मॅडम बी होत्या, शाळेच्या... पायात बांधलंय आता. पायात... अरे, पायात म्हणजे पायात! ... तसं न्हाई, मी कशाला त्यांच्या बाजूनं... हां. हां. बरं. सांगतो.

रहेमतबी : काय म्हनला?

हनुमान : म्हणला, ठरलं होतं ते हातात बांधायचं. पायातलं धरायचं का न्हाई, ते पाचला बघू म्हणला. टेम्पोवाल्याला शब्द दिलाय, त्यो निघाला म्हणं कड्यातनं. आन म्हणला, उन्हाचं फिरू देऊ नको, तिथंच बसवून ठिव.

रहेमतबी : कोनाला? मला?

हनुमान : तो म्हणला. मी न्हाई.

रहेमतबी : त्याच्या शाळेच्या दाखल्यावर बापाचा धंदा काय लिवलाय, इचार त्याला. फळविक्री. ती फळं ह्याच गाडीवरनं गेली. आता ती दिसती म्हनून लाज वाटती, तर काचेला पडदा लाव म्हनावं. किती झाले?

वनमाला : पाचशे अडुसष्ट. म्हणजे अजून पाच हजार चारशे बत्तीस.

रहेमतबी : मॅडम, ह्यो पिकल्या सीताफळांचा थर आजच जायला पायजे, उद्या काळा पडतोय. मी कशी बसू? तुमी दोन घिऊन जावा. ह्ये दाबून बघा. दोन डोळे फुटलेत, सांजंला खावा.

वनमाला : मावशी, पाणी तरी पिऊन जा.

रहेमतबी : गाडीला बाटली टांगलीय. सरक, हनुमान. चाकाखाली तुझा बोर्ड येतोय.

(चार वाजून पन्नास मिनिटं. तेच दुकान. वनमाला स्कूटी लावून आत येते.)

हनुमान : बरं झालं आलात, मॅडम. चाची दिसल्या का कुठं? शहेबाजचे चार फोन झाले. टेम्पो येऊन उभा हाय शोरूमसमोर, मानूस चहा पितोय. त्या फोनच उचलत न्हाईत.

वनमाला : कशा उचलतील? दोन्ही हात गाडीवर असतात.

हनुमान : बस स्टँडवर न्हाईत. त्यानं काचेतनं बघितलं.

वनमाला : तीनला मला तहसीलपाशी दिसल्या, वजन करत होत्या. मग दवाखान्यापाशी. तिथून पुढं दिसल्या नाहीत, म्हणून मी फिरून बघितलं. गावाबाहेर होत्या, कड्याच्या रस्त्याला.

हनुमान : कड्याच्या? त्या चढाला? गाडी घिऊन?

वनमाला : मी म्हटलं, मावशी, इकडं गिऱ्हाईक कुठंय? म्हणाल्या, हितं गिऱ्हाइकासाठी थांबावं लागत नाही, त्यासाठीच आले.

हनुमान : टेम्पो त्याच रस्त्यानं आला की. त्याला दिसल्या असतील.

वनमाला : दिसल्या असतील. ओळखलं नसेल.

हनुमान : परत फोन आला. त्याचाच हाय. काय सांगू?

वनमाला : द्या इकडे. हॅलो, शहेबाज? मी वनमालाबाई बोलतेय. हो, मी पाहिलं त्यांना. ठीक आहेत. सोबत कुणी नाही, नको म्हणाल्या. आकडा मी वाकून स्वतः वाचला. लिहून घ्या. चार वाजून दहा मिनिटांनी चार हजार नऊशे बारा. गाडी चढावर होती. त्यानंतरचं मला माहीत नाही.