सिद्धीच्या अहवालातली एक ओळ

समारंभाचे अध्यक्ष मा. धर्माजी भाऊ, प्राचार्य सर, व्यासपीठावरील मान्यवर, अवसरी बुद्रुकहून आवर्जून आलेले ग्रामस्थ, पालक, माझे सहकारी, आणि मागच्या रांगेत मोबाइलमध्ये मान घातलेले तिसऱ्या वर्षाचे विद्यार्थी,

निरोपाच्या दिवशी गोड बोला, असं प्राचार्य सरांनी बजावलं आहे. प्रयत्न करते.

तीन वर्षं तुम्ही समाजकार्य शिकलात. आठवड्यातले दोन दिवस गावात जायचं, एका माणसाला त्याच्या अडचणीत सोबत करायची आणि झालेल्या बोलण्याचा अहवाल मला द्यायचा. यंदा एकोणतीस अहवालांत एकोणतीस बायका 'सुरुवातीला लाजल्या व नंतर मनमोकळेपणाने बोलल्या'. अवसरीच्या बायका कधीपासून लाजायला लागल्या? ग्रामस्थ हसताहेत, म्हणजे त्यांनाही ही बातमी नवीन आहे.

तिसावा अहवाल सिद्धीचा. मंचरच्या बाजारपेठेतल्या उत्तमचंद शेठची ही नात वर्षभर अवसरीच्या चिमाबाईंकडे जात होती. तारखा आहेत, वेळा आहेत, चिमाबाईंचे अंगठे आहेत. मात्र 'संभाषण' या मथळ्याखाली एकच ओळ: 'कोणाला सांगणार नाही, असा शब्द दिला आहे.'

मी संतापले. अहवालाशिवाय गुण नाहीत, गुणांशिवाय पदवी नाही.

"नाव बदलून लिही."

"नाव बदललं तरी गाव ओळखेल, मॅडम."

दुसऱ्या दिवशी शेठ हजर. "मॅडम, चार पानं मीच लिहून देऊ का? ती काही ऐकत नाही." शेठ, नकारार्थी मान हलवू नका, आपण असंच म्हणाला होतात.

शेवटी मीच अवसरी गाठली. चिमाबाई ओट्यावर शेंगा फोडत होत्या. म्हटलं, "पोरीचं वर्ष वाया जाईल. मला एकटीला सांगा."

"तुमी कोण?"

"तिची शिक्षिका."

"मंग तिला बिघडवता कशाला? माझा नवरा, सुना, भांडणं, समदं गावाला ठावं हाय. येवढं येकच ठावं न्हाई. ते तिच्यापाशी ऱ्हाऊ द्या. आन् च्या घ्या."

चहा घेतला. दुसरं काय करणार? गोपनीयतेचा धडा पहिल्या वर्षाला मीच शिकवते. परीक्षेत तुम्ही सगळे त्यावर पाच-पाच मुद्दे लिहिता. एका मुलीने तो खरोखर पाळला, तर तो मोडायला मीच बसने निघाले!

हे इथे जाहीर सांगायला चिमाबाईंची परवानगी आहे. म्हणाल्या, "खुशाल सांगा. चिमीपाशी गुपित हाय म्हनून कळू द्या गावाला. लई तडफडतील."

आज सकाळी त्या एका ओळीखाली मी सही केली. सिद्धी उत्तीर्ण आहे. विद्यापीठाने विचारलं तर उत्तर मी देईन. प्राचार्य सर, हे आपल्याला आत्ताच कळतंय याची मला कल्पना आहे.

एवढं ऐकून घेतलंत, आभारी आहे. काही वाक्यं लागावीत म्हणूनच बोलले. त्याहून जास्त लागलं असेल, तर तेवढ्यापुरतं मोठ्या मनाने माफ करा.

सिद्धी, वर ये. हा तुझा अहवाल. आता गुण मिळालेच आहेत, तर चिमाबाईंनी तुला नेमकं काय...

नको. सांगू नकोस.