तिसरं पाणी

भाची : …पण फोन तरी उचलायचास ना, मावशी. चार दिवस लावतेय मी.

मावशी : उचलला असता तर बोलावं लागलं असतं. चपला आत घे, जिन्यात राहू देऊ नकोस. खालचं कुत्रं पळवतं.

भाची : तू रागावलीयस.

मावशी : रागवायला अंगात जोर लागतो गं. आठ तास उभी होते आज. ते स्टूल सरकव इकडे, पाय वर घेऊ दे.

भाची : उभी? तुझं तर बसून काम आहे ना? दिव्यासमोर बाटल्या तपासायचं, त्या उंच खुर्चीवर.

मावशी : होतं. सोमवारपासून मला खोक्यांवर टाकलंय. बारा बाटल्या आत, वर चिकटपट्टी, की पुढे ढकल. डोक्याला काही ताप नाही.

भाची : आणि हे तू मला आत्ता सांगतेयस.

मावशी : तू तरी कुठे सांगितलंस अजून, का आलीस ते? माझ्या पायांची चौकशी करायला दोन बस बदलून कोणी येत नाही.

भाची : तुमच्या कंपनीतल्या त्या प्रसिद्धीवाल्या बाईंचा मेल आलाय. एपिसोड काढून टाका म्हणतात. मागच्या आठवड्यात ह्याच बाई मला सांगत होत्या की आमच्या सगळ्या शाखांमध्ये ऐकवणार. कारण विचारलं तर म्हणे, अंतर्गत बाब आहे. म्हटलं, आत काय झालंय ते तुला माहीत असेल.

काका : का काढायचा? चांगला झालाय. मी दोनदा ऐकला. त्या उरलेल्या पावाच्या एपिसोडपेक्षा चांगला, आणि दुधाच्या टँकरपेक्षा तर फारच.

मावशी : अहो, तुम्ही वाटाणे सोला.

काका : सोलतोच आहे. ऐकत ऐकत सोलतोय.

मावशी : हे असं. तुझ्या काकांनी तुझं ते ‘घास-घोट’ पॉडकास्ट पहिल्यापासून ऐकलंय. निवृत्त झाल्यापासून त्यांना जगातलं सगळं अन्नपाणी टिकवायचंय. परवा मला म्हणाले, चहाची पिशवी पुन्हा वापरायची. म्हटलं, आधी ती पहिल्यांदा तरी कपात टाका.

भाची : मावशी, काय झालं ते सांग ना.

मावशी : गुरुवारी झालं. जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना कॅन्टीनमध्ये थांबवून घेतलं. भिंतीवर मोठा स्पीकर, प्रत्येकाला केकचा तुकडा. साठ-सत्तर माणसं असतील. व्यवस्थापकसाहेब म्हणाले, आज आपल्या कारखान्याचा आवाज जगभर पोचलाय, आणि तो आवाज आपल्यातल्याच एकीचा आहे. सगळे माझ्याकडे वळून बघायला लागले. आणि मी, बाई, ताठ बसले होते. का, तर मी आधीच सगळ्या बायकांना सांगून ठेवलं होतं. धुलाईवाल्यांना, भरणीवाल्यांना, सगळ्यांना. म्हटलं, माझ्या भाचीला मी तिसऱ्या पाण्याचं सांगितलंय. अगदी सविस्तर. आता कोणाला दाबता येणार नाही.

भाची : मावशी…

मावशी : ऐक. तूच विचारलंस. आधी तू बोललीस. शाश्वत उत्पादन, काचेची बाटली तीस वेळा वापरता येते, ह्या कारखान्याने वर्षभरात एवढं पाणी वाचवलं. बोलतेस छान, त्याबद्दल काही म्हणणं नाही. मग मी आले. मी म्हणाले, पाणी वाचतंय ते चांगलंच आहे की, पाणी काय कोणाच्या बापाचं आहे. आणि हसले. आणि माझ्या हसण्यावर तू सतार वाजवलीस.

भाची : गिटार होती.

मावशी : असेल. वाजलं आणि मी संपले. पाऊण तास बसले होते मी तुझ्यासमोर त्या माइकला नाक लावून. दहा शब्द ठेवलेस की अकरा?

भाची : तू बाकीचं बोललीस ते…

मावशी : बाकीचं मी काय बोलले होते, आठवतंय तुला? नाही, सांगच. काकांनाही कळू दे.

भाची : आठवतंय. शंभरदा ऐकलंय मी ते. तू म्हणालीस, बाटल्या कॉस्टिक सोड्याच्या गरम पाण्यात धुतात आणि मग तीन वेळा साध्या पाण्यातून काढतात. वर्षभरापूर्वी तिसरं पाणी बंद केलं. वाचलेलं पाणी ते तेच. तेव्हापासून तुझ्या दिव्यासमोर बुडाशी धुरकट कडं असलेल्या बाटल्या यायला लागल्या. आधी दिवसाला पाच-सहा काढायचीस, आता टोपलीभर.

मावशी : आणि काढलेल्या बाटल्यांचं काय होतं?

भाची : पुन्हा धुवायच्या तर पाणी जातं. म्हणून फोडतात.

मावशी : फोडतात. पाण्याचा आकडा पुढच्या दाराला लावलाय रंगीत, आणि काचेचा ढीग मागच्या दाराला. आणि ठेंगीचे हात.

काका : ठेंगी कोण?

मावशी : आमच्या धुलाईवर आहे ती. मशिनीतून बाटल्या बाहेर आल्या की पट्ट्यावर सरळ करते. हाताला बुळबुळीत लागतात म्हणते. मोजे देतात ते आठवड्यात फाटतात. कोपरापर्यंत कातडी सोललीय तिची. बरं, उंचीने एवढीशी, म्हणून पट्टा तिच्या थेट छातीशी येतो. सगळं अंगावरच उडतं.

भाची : मला बोलू देशील का?

मावशी : बोल की. तुझा धंदाच आहे बोलण्याचा.

भाची : एपिसोड बाहेर जायच्या आधी त्यांनी ऐकायला मागितला होता. ती अटच होती आत येऊ द्यायची. तीन वर्षं मी हा कार्यक्रम करतेय, मावशी. कपाटात रजया लावून आत बसून रेकॉर्ड करते, आवाज घुमू नये म्हणून. शेतातली माणसं बोलतात, दुकानवाले बोलतात, कारखान्यात कोणी पाय ठेवू देत नाही. ह्यांनी पहिल्यांदा दिला. ऐकून त्या बाईंनी तीन ठिकाणी कापायला सांगितलं. दोन किरकोळ होती. तिसरं तुझं.

मावशी : आणि तू कापलंस.

भाची : मी स्वतःला म्हटलं, हे बाहेर गेलं तर मावशीची नोकरी जाईल. निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत तिची, उगाच कशाला.

मावशी : हे खरं आहे?

भाची : अर्धं.

मावशी : उरलेलं अर्धं?

भाची : एपिसोड हवा होता मला. थकले होते गं. वाटलं, हा एक तरी नीट पार पडू दे.

मावशी : हं. ते कळतं मला. थकल्याचं कळतं. मला एक फोन का नाही केलास ते कळत नाही. कापते म्हणाली असतीस, तर मी शिव्या दिल्या असत्या, पण बायकांना आधी सांगून ठेवलं असतं. तशी त्या कॅन्टीनमध्ये तोंडघशी पडले नसते.

भाची : कोणी काही बोललं?

मावशी : कोणी नाही. तेच तर. ठेंगी उठली, केकचा तुकडा होता तसा परत टेबलावर ठेवला, आणि गेली कामावर. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. साहेबांनी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनी वाजवल्या.

काका : हे मला नाही सांगितलंस तू.

मावशी : तुम्ही तिसऱ्यांदा ऐकायला बसला असता. … मग मी जाऊन बसले दिव्यासमोर. पट्टा सुरू झाला. बाटल्या यायला लागल्या, एकामागून एक, एकामागून एक. बावीस वर्षं बघतेय मी. चिरलेली, तडकलेली, आत कागद राहिलेली, एकदा तर आत अंगठी होती. आणि त्या दिवशी मला वाटलं, कशासाठी? मी सांगितलं ते कोणाला नको. मी काढते ते कोणाला दिसत नाही. मग मी डोळे मिटून घेतले.

भाची : म्हणजे?

मावशी : म्हणजे मिटून घेतले. बसले तशीच. बाटल्यांचा आवाज येत होता, जात होत्या पुढे. झोप नव्हती ती. फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. किती वेळ ते मला माहीत नाही. नंतर त्यांनी हिशेब लावला, तीन मिनिटं म्हणे. तीन मिनिटांत तीनशे बाटल्या जातात.

भाची : आणि मग?

मावशी : मग एकदम डोक्यात आलं. ह्या बाटल्या कोणीतरी तोंडाला लावणार. तुझ्यासारखी एखादी, बसमधून उतरून, तहानलेली. मी लाल बटण दाबलं. पूर्ण लाईन बंद. त्याआधी बावीस वर्षांत मी ते बटण दोनदाच दाबलं होतं, दोन्ही वेळा काच फुटली म्हणून. पर्यवेक्षक धावत आला. काय झालं, काय झालं. मी म्हटलं, मागच्या काही मिनिटांतल्या बाटल्या मी बघितलेल्या नाहीत. म्हणाला, म्हणजे काय बघितल्या नाहीत? म्हटलं, डोळे मिटले होते. त्याला वाटलं, मला चक्कर आली. माझ्यासाठी पाणी मागवलं. तो चांगला आहे तसा. त्याने मला पळवाट दिली होती, मी हो म्हणायचा अवकाश होता. म्हटलं, चक्कर नाही. मुद्दाम मिटले.

काका : अरे देवा.

मावशी : भरलेल्या होत्या त्या सगळ्या उघडून ओतून दिल्या. संत्र्याचं पेय, जमीन नुसती चिकट झाली. आणि ज्या भरायच्या राहिल्या होत्या, त्या प्रयोगशाळेतल्या मुलीने घेतल्या. ती थेंब टाकून बघते. आत कॉस्टिक राहिलं असेल तर गुलाबी रंग येतो. वीस बाटल्या तपासल्या, तीन गुलाबी झाल्या. एकदम सुरेख गुलाबी. सगळे बघत उभे होते, व्यवस्थापकसाहेबसुद्धा. केकचा चुरा होता त्यांच्या शर्टावर. रोज ती मुलगी एक-दोन बाटल्या तपासायची, मी धुरकट काढून टाकल्यानंतरच्या, त्यात काही निघायचं नाही. आता निघालं, वहीत चढलं, आणि वहीतलं पान फाडता येत नाही.

भाची : म्हणून एपिसोड काढायचाय त्यांना.

मावशी : शुक्रवारपासून तिसरं पाणी पुन्हा सुरू झालं. पुढच्या दाराचा तो रंगीत आकडा काढलाय. तुझ्या एपिसोडमध्ये तोच आकडा आहे, म्हणून तोही काढायचा.

भाची : आणि तुला खोक्यांवर टाकलं.

मावशी : मग काय करणार? ज्या बाईने मुद्दाम डोळे मिटले तिला दिव्यासमोर कशी बसवतील? मीही नसती बसवली. त्यात त्यांची चूक नाही.

भाची : पण तू कबूल केलंस म्हणून तर…

मावशी : मिटलेही मीच ना. दोन्ही धर.

(काका उठून वाटाण्यांचं पातेलं आत नेऊन ठेवतात आणि येताना पाण्याचा तांब्या आणतात.)

काका : घे गं. आल्यापासून पाणीसुद्धा विचारलं नाही आम्ही तुला.

भाची : मी तो एपिसोड काढणार नाही असा. म्हणजे, काढेन, पण गुपचूप नाही. तुझं सगळं बोलणं घालून पुन्हा देईन. मी कापलं होतं, कोणाच्या सांगण्यावरून कापलं, तेही सांगेन. लोक सोडतील कार्यक्रम तर सोडू देत. ह्यापुढे कोणी कारखान्यात घेणार नाही, तेही ठीक आहे.

मावशी : एवढं एका दमात ठरवू नकोस. एका दमात ठरवलेलं संध्याकाळपर्यंत उतरतं.

भाची : तुला नकोय का?

मावशी : माझं घाल. मी बोलले ते बोलले, मला त्याची लाज नाही. फक्त डोळे मिटल्याचंही घाल, नाहीतर मी उगाच थोर वाटायचे. पण ठेंगीच्या हातांचं मी तिला न विचारता बोलले होते तुझ्यापाशी. तिची अजून नऊ वर्षं आहेत तिथे. घरी आजारी सासरा आहे. तुला मी एवढं बोलतेय, पण मीही तेच केलं की.

भाची : ती तुझ्याशी बोलते का आता?

मावशी : काल कारखान्याच्या जिन्यात भेटली. हात दाखवला नुसता. जरा सुकलंय.

भाची : मी तिला फोन करते. आत्ता करते. तिने नाही म्हटलं तर तेवढं कापेन, आणि कापलंय ते तिला ऐकवीन. नंबर दे.

मावशी : आत्ता कामावर असेल ती. तिची पाळी सहाला सुटते. तोवर तू आत जाऊन जरा पड. तोंड बघ केवढंसं झालंय.